पावती कोल्हापूरची, तक्रार बेळगावात

सीमाभागातल्या कुटुंबाची खरेदी एका राज्यात मावत नाही. निपाणी-संकेश्वरकडची माणसे लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूर-इचलकरंजीला जातात, चंदगड-गडहिंग्लजकडची माणसे दवाखाना, दागिने आणि फ्रीज-टीव्हीसाठी बेळगाव गाठतात, आणि त्यात भर म्हणून आता निम्मे सामान मोबाईलवरून मागवले जाते. व्यवहार चोख झाला तर कोणाची तक्रार नसते. परंतु वस्तू बिघडली, वजन कमी भरले किंवा ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतले गेले, की बेळगावच्या सर्व्हिस सेंटरमधले उत्तर ठरलेले असते : "बिल कोल्हापूरचं हाय न्हवं, मग तिकडंच जावा की." कोल्हापूरचा दुकानदार सांगतो की विक्रीनंतरचे काम कंपनीचे आहे, आणि कंपनीचे सेंटर बेळगावात आहे, तिथे दाखवा. दोन राज्यांत हेलपाटे घालून ग्राहक कंटाळतो आणि गप्प बसतो. लबाड व्यापाऱ्याचा सगळा हिशोब या कंटाळ्यावरच बेतलेला असतो.

हा हिशोब मोडणारी तरतूद कायद्यात आहे, मात्र सीमाभागात ती फारशी कोणाला ठाऊक नाही. १९८६ च्या जुन्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे, व्यापारी जिथे धंदा करतो किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले, तिथेच दाद मागावी लागत असे. २० जुलै २०२० पासून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अमलात आला आणि त्याच्या कलम ३४ ने यात आणखी एक मार्ग घातला : तक्रारदार स्वतः जिथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी जिथे प्रत्यक्ष काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे बेळगावजवळच्या उचगावात राहणाऱ्या माणसाने कोल्हापूरच्या दुकानातून घेतलेल्या वस्तूची तक्रार बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालू शकते, आणि चंदगड तालुक्यातून रोज बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला येणाऱ्या माणसाला कोल्हापूर आणि बेळगाव यांपैकी सोयीचे ठिकाण निवडता येते. ऑनलाईन खरेदीलाही हेच लागू आहे, मग कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला असो वा मुंबईला. राज्याची हद्द आता व्यापाऱ्याला आडोसा देत नाही. आडोसा देते ती आपल्या हातात नसलेली पावती, आणि म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करावी लागते.

पावती घेताना काय पाहावे

कच्च्या चिठ्ठीची सवय आपल्या बाजारात जुनी आहे. दुकानाच्या नावाशिवाय, नुसत्या आकड्यांचा कागद हातात देऊन "पक्कं बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा लागंल" असे सांगितले जाते आणि चार पैसे वाचल्याच्या समाधानात ग्राहक स्वतःचा एकमेव पुरावा सोडून देतो. बिल न देणे ही कायद्याच्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुसरे असे की बहुतेक वस्तूंच्या छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात, त्यामुळे छापील किमतीवर पुन्हा जीएसटी मागणारा दुकानदार सरळसरळ फसवत असतो.

पक्क्या बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर त्याचे पहिले दोन आकडे वाचायला शिकावे. २९ म्हणजे कर्नाटक, २७ म्हणजे महाराष्ट्र, ३० म्हणजे गोवा. बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानात उभे राहून घेतलेल्या वस्तूच्या बिलावर २७ ने सुरू होणारा क्रमांक असेल, तर ते बिल नक्की कोणत्या दुकानाचे आहे हे तिथेच विचारावे, कारण उद्या तक्रारीत नाव कोणाचे घालायचे हा प्रश्न तिथूनच सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नोंदणीकृत नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, हे मिनिटभरात दिसते. ज्याच्याकडे नोंदणीच नाही त्याला ग्राहकाकडून हा कर घेता येत नाही. उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरण्याच्या कंपोझिशन योजनेतल्या छोट्या दुकानदारालाही तो वेगळा आकारता येत नाही, आणि तशी पाटी दुकानात लावणे त्याच्यावर बंधनकारक आहे.

मोबाईलवरून पैसे देताना एक गोष्ट सहज नजरेआड होते. गल्ल्याजवळ चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर दुकानाचे नाव न येता कोणा व्यक्तीचे नाव येते. ते मालकाच्या मुलाचे असते, कधी नोकराचेही असते. वाद झाल्यावर दुकानदार म्हणू शकतो की हे पैसे दुकानाला मिळालेच नाहीत. म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी शेऱ्याच्या रकान्यात वस्तूचे नाव आणि बिल क्रमांक लिहावा आणि त्या व्यवहाराचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. एवढ्याने पुराव्याची साखळी जुळते.

वॉरंटी कार्डाबाबतीत तर निष्काळजीपणा दोन्ही बाजूंनी होतो. समजा, खानापूरच्या गृहस्थाने कोल्हापुरात इन्व्हर्टरची बॅटरी घेतली. कार्डावर दुकानाचा शिक्का नाही, विक्रीची तारीख कोरी आहे, आणि बॅटरीवर कोरलेला क्रमांक कार्डावरच्या क्रमांकाशी जुळत नाही, हे त्याच्या लक्षात आठ महिन्यांनी बॅटरी बसल्यावर येते. कोऱ्या तारखेमुळे कंपनी वॉरंटी उत्पादनाच्या महिन्यापासून मोजते आणि मुदत संपली म्हणून सांगते. दुकान सोडण्यापूर्वी वस्तूवरचा क्रमांक, बिलावरचा क्रमांक आणि कार्डावरचा क्रमांक हे तिन्ही स्वतः वाचून पाहावेत आणि तिन्हींचा मिळून एक फोटो काढावा. या कामाला दोन मिनिटे लागतात, आणि दुकानदाराच्या तोंडावरची आठी सहन करावी लागते, ती करावी.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही बिलाच्या तळाशी छापलेली ओळ वाचून अनेकजण माघार घेतात. माल सदोष असेल तर ही ओळ ग्राहकाला बांधत नाही. बिलात परतीची मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, आणि दिलीच नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथाच ठरते. मात्र साडीचा रंग घरी नेल्यावर वहिनींना आवडला नाही, हा दोष नव्हे. तिथे दुकानदाराने बदलून दिले तर ती त्याची भलाई समजावी.

वजन, माप आणि छापील किंमत

बेळगावचा कुंदा पाहुण्याला न देता पाठवणे इथल्या घरात शोभत नाही, त्यामुळे कुंद्याचे उदाहरण घेणे योग्य होईल. पुठ्ठ्याचा डबा काट्यावर ठेवला जातो, त्यात कुंदा भरला जातो आणि डब्यासकट अर्धा किलो भरला की झाकण लागते. डबा पन्नास ग्रॅमचा असेल आणि कुंद्याचा भाव किलोला चारशे रुपये धरला, तर ग्राहकाने पुठ्ठ्याचे वीस रुपये मोजलेले असतात. वजन हे मालाचेच असले पाहिजे, वेष्टनाचे नव्हे. रिकामा डबा काट्यावर ठेवून आकडा आधी शून्य करायला सांगणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि शांतपणे सांगितले तर बहुतेक हलवाई निमूटपणे ते करतात.

इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी आणि साध्या लोखंडी वजनांची दर चोवीस महिन्यांनी वैधमापन खात्याकडून करून घ्यावी लागते. काट्यावर त्या वर्षाची मोहोर असते आणि पडताळणीचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावावे लागते. बाजारात मुठीत धरून टांगलेल्या स्प्रिंगच्या काट्यावर भाजी किंवा मासळी तोलली जाते, तेव्हा मोहोर शोधूनही सापडत नाही. पेट्रोल पंपावर संशय आला तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून दाखवण्याची मागणी करता येते आणि प्रत्येक पंपाला ते माप ठेवावेच लागते. दोन राज्यांतल्या दराच्या फरकामुळे महाराष्ट्राकडची वाहने हद्दीजवळच्या पंपांवर टाकी भरून घेतात. दोन रुपये वाचवण्यासाठी आलेला माणूस माप तपासायला थांबत नाही, एवढे मात्र खरे.

छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणे बेकायदेशीर आहे. बसस्थानकावर पाण्याच्या बाटलीला किंवा थंड पेयाला "कूलिंगचे" म्हणून वर घेतलेले दोन-पाच रुपये याच सदरात येतात. एकाच वस्तूवर वेगवेगळ्या ठिकाणांसाठी दोन छापील किमती ठेवण्यालाही १ जानेवारी २०१८ पासून मनाई आहे. अशा तक्रारींसाठी आयोगापर्यंत जाण्याची गरज नसते. वैधमापन खात्याच्या निरीक्षकाकडे तारीख, वेळ, दुकानाचे नाव, वस्तूचा फोटो आणि पैसे दिल्याचा पुरावा देऊन लेखी तक्रार करावी. एक फरक ध्यानात ठेवावा : निरीक्षकाचा अधिकार त्याच्या राज्यापुरता असतो. निपाणीत घडलेल्या प्रकारासाठी कर्नाटकाच्या खात्याकडे, आणि कागलमध्ये घडलेल्या प्रकारासाठी महाराष्ट्राच्या खात्याकडेच जावे लागते.

सोन्याच्या बाबतीत तीन खुणा पाहाव्यात : भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा (बावीस कॅरेटसाठी ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. हा क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या दागिन्यांच्या विक्रीसाठी सक्तीचा झाला आहे. 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये तो टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. आपल्या हातात पाटली असताना ॲप अंगठी दाखवत असेल, तर तो क्रमांक दुसऱ्याच दागिन्याचा आहे. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी भरली तर फरकाच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च देण्याची तरतूद ब्युरोच्या २०१८ च्या नियमांत आहे. बिलात सोन्याचे निव्वळ वजन, खड्यांचे वजन आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. खडे सोन्याच्या भावाने विकणे आणि मोड घेताना तेच खडे वजनातून वजा करणे, हा प्रकार आपल्याकडे इतका रुळला आहे की त्याला कोणी फसवणूक म्हणतच नाही.

ग्राहक कोण, आणि कोण नाही

पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी हेतूने वस्तू घेणारा कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. परंतु केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू याला अपवाद आहे. बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातल्या विणकराने स्वतः चालवण्यासाठी घेतलेला यंत्रमाग बिघडका निघाला, किंवा शिलाईकाम करणाऱ्या बाईंनी घेतलेले मशीन सदोष निघाले, तर ते दोघेही ग्राहकच आहेत. शेतकऱ्याने घेतलेले बियाणे उगवले नाही तर तोही ग्राहक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. बियाण्याची पिशवी, तिच्यावरचा लॉट क्रमांकाचा टॅग आणि शक्य झाल्यास थोडे बी जपून ठेवावे, आणि उगवण झाली नाही असे दिसताच कृषी खात्याकडे पंचनाम्यासाठी लेखी अर्ज द्यावा. पीक मोडून टाकल्यावर पुरावा उरत नाही.

याउलट, कारखान्याला ऊस घालणारा शेतकरी त्या व्यवहारात विक्रेता असतो. काटामारीविषयीचा त्याचा राग कितीही रास्त असला तरी त्याचा रस्ता ग्राहक आयोगातून जात नाही. तो वैधमापन खाते आणि ऊस-साखरेशी संबंधित सरकारी कार्यालय यांच्याकडे जातो. चुकीच्या दारात गेलेली तक्रार फेटाळली गेली की माणूस सगळ्याच दारांवरचा विश्वास गमावतो, म्हणून हे आधीच समजून घेणे बरे.

पतसंस्थेत अडकलेल्या ठेवींचे दुखणे बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात अनेक घरांना माहीत आहे. "तुम्ही सभासद आहात, ग्राहक नाही" असे संस्थेकडून सांगितले जाते. सहकार कायद्यातली सोय आणि ग्राहक कायद्यातली सोय एकमेकींना बाद करत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या अखेरीस एका कृषी पतसंस्थेच्या प्रकरणात सांगितले आहे. मुदत संपलेली ठेव परत न मिळाल्यास आयोगाकडे जाता येते. ठेवपावतीची मूळ प्रत "नूतनीकरणासाठी" म्हणून संस्थेत ठेवून येऊ नये. द्यावीच लागली तर दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून त्यावर शिक्क्यासह पोच घ्यावी.

आधी पत्र, मग हेल्पलाईन

दुकानात जाऊन केलेल्या भांडणाचा कागद होत नाही. गणपत गल्लीत भर बाजारात आवाज चढला की दहा माणसे जमतात, दुकानदार एका भाषेत बोलतो, ग्राहक दुसऱ्या भाषेत, आणि बघता बघता मिक्सरचा वाद मराठी-कन्नडचा वाद होऊन बसतो. मग मिक्सर बाजूला राहतो. माझे स्पष्ट मत असे आहे की सीमाभागात ग्राहकाचे सर्वांत जास्त नुकसान इथे होते. फसवणारा मराठी असो, कन्नड असो वा मारवाडी असो, त्याच्या भाषेचा तक्रारीत उल्लेखही करू नये. बिल क्रमांकाचा करावा.

त्याऐवजी एक पानी पत्र लिहावे. कधी, काय, कितीला घेतले. दोष केव्हा दिसला. कोणाला केव्हा सांगितले आणि काय उत्तर मिळाले. आता नेमके काय हवे आहे, म्हणजे दुरुस्ती, बदली की पैसे. आणि त्यासाठी किती दिवसांची मुदत, साधारण पंधरा. एवढेच त्यात असावे. हे पत्र दुकानदार, कंपनी आणि सर्व्हिस सेंटर या तिघांनाही पाठवावे, कारण एकमेकांकडे बोट दाखवण्याचा खेळ तिथेच थांबवायचा असतो. स्पीड पोस्टाने पाठवून पोहोचल्याचा पुरावा काढून ठेवावा, आणि तेच पत्र ईमेल व व्हॉट्सॲपवरही टाकावे. अशी नोटीस देणे कायद्याने सक्तीचे नाही, तिला वकीलही लागत नाही. तरीही आयोगासमोर तिचे वजन मोठे असते, आणि बरेचसे दुकानदार ती हातात पडल्यावर प्रथमच नीट बोलू लागतात.

उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिथे मराठीतही बोलता येते आणि कन्नडमध्येही, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांनाही हा फोन स्वतः करता येतो. मोठ्या कंपन्या, ऑनलाईन विक्रेते, मोबाईल आणि विमान कंपन्या यांच्याबाबतीत हेल्पलाईनचा उपयोग चांगला होतो. गल्लीतल्या दुकानदाराबाबतीत फार अपेक्षा ठेवू नये, कारण ही हेल्पलाईन समेट घडवू पाहते, आदेश देत नाही. तक्रारीचा नोंदणी क्रमांक मात्र जपून ठेवावा. ऑनलाईन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. म्हणून ग्राहकसेवेच्या चॅटवर तास घालवण्यापेक्षा त्या अधिकाऱ्याच्या ईमेलवर लिहावे. बनावट लिंक किंवा खोट्या फोनमुळे खात्यातून पैसे गेले असतील तर तो गुन्हा आहे. तिथे एक मिनिटही न दवडता १९३० ला फोन करावा.

बँक किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीची तक्रार आधी तिच्याकडेच लेखी करावी लागते, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी १४४४८ हा क्रमांक आहे. बचत गटाच्या नावाखाली दारात येणाऱ्या मायक्रोफायनान्सच्या कागदांवर न वाचता सह्या आणि अंगठे दिले जातात, आणि त्यातले छापील मजकूर घरातल्या बाईला येत नाहीत अशा भाषेत असतात. कर्जाचा खरा वार्षिक दर आणि सर्व शुल्क दाखवणारे मुख्य तथ्य विवरण कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना सक्तीचे केले आहे. ते मराठीत मागावे आणि मिळाल्याशिवाय सही करू नये. वसुलीसाठी धमकावणे, घराला कुलूप लावणे अशा प्रकारांविरुद्ध कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदेशीर तरतूद केली आहे, आणि तिथे पोलिसांकडे जावे.

आयोगात तक्रार दाखल करताना

जिल्हा आयोगाकडे, वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असलेली प्रकरणे चालतात. इथे मोजलेली किंमत पाहतात, मागितलेली भरपाई नव्हे. ही किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर कोणतेही शुल्क नाही, ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये आणि १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हायला हवी. उशीर झाल्यास सबळ कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो, पण त्या भरवशावर राहू नये. सर्व्हिस सेंटरच्या गोड आश्वासनांत दोन वर्षे सहज निघून जातात.

तक्रार स्वतः लिहिता येते. ई-जागृती या संकेतस्थळावरून ती घरबसल्या दाखल होते आणि सुनावणीला दृक्-श्राव्य माध्यमातून हजर राहण्याची विनंती करता येते; रामदुर्ग किंवा अथणीच्या माणसाला बेळगावचा फेरा वाचतो, ही यातली मोठी सोय आहे. तक्रारीत दोन्ही बाजूंची पूर्ण नावे-पत्ते, घटनांचा तारीखवार क्रम, आपण बेळगाव जिल्ह्यात राहतो म्हणून कलम ३४ प्रमाणे या आयोगाला अधिकार आहे असे एक स्पष्ट वाक्य आणि शेवटी मागण्या असाव्यात. निवासाच्या पुराव्यासाठी आधार किंवा रेशन कार्डाची प्रत जोडावी. हे वाक्य आणि हा पुरावा राहिला, तर कोल्हापूरचा सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, पहिला आक्षेप नेमका तिथेच घेतो. सोबत प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रांची अनुक्रमांक घातलेली यादी जोडावी. व्हॉट्सॲपवरच्या संभाषणाच्या छापील प्रती द्याव्यात, परंतु मूळ संभाषण फोनमधून पुसू नये.

बेळगावच्या आयोगाचे कामकाज प्रामुख्याने कन्नड आणि इंग्रजीत चालते. घटनेच्या कलम ३५० नुसार तक्रार-निवारणासाठीचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि वैधमापन खाते किंवा तहसीलदार यांच्याकडे मराठी अर्ज देताना तो जरूर वापरावा. आयोगात मात्र व्यवहार पाहावा : तक्रार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहून घ्यावी, आणि महाराष्ट्रातल्या दुकानाचे मराठी बिल असेल तर त्याचे भाषांतर सोबत जोडावे. हक्कासाठी वेगळी लढाई लढता येते. ती बॅटरीच्या प्रकरणात मिसळली की बॅटरीचे पैसे लांबतात. लिहून घेण्याची ऐपत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकाराकडे मोफत वकील मिळतो. सर्व महिलांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, हा लाभ आहे, आणि माहितीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

मागण्यांविषयी थोडे सांगायला हवे. बारा हजारांच्या बॅटरीसाठी मानसिक त्रासाचे पाच लाख मागणारी तक्रार आयोगाच्या मनातून उतरते. वस्तूची किंमत, त्यावरचे व्याज, हेलपाट्यांचा खर्च (बसच्या तिकिटांसह), त्रासाबद्दल माफक रक्कम आणि तक्रारीचा खर्च, असे नीट मांडलेले आकडे पटतात. बिघडलेली वस्तू निकाल लागेपर्यंत बाहेरच्या मेकॅनिककडे उघडू देऊ नये, कारण दोष प्रयोगशाळेत तपासण्याचा आदेश आयोग देऊ शकतो आणि उघडलेल्या वस्तूबद्दल कंपनी लगेच हात वर करते.

नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्याला तीस दिवसांत, आणि आयोगाने वाढवून दिल्यास आणखी पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते. जुन्या कायद्यातल्या याच मुदतीबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितले की पंचेचाळीस दिवसांपलीकडे एकही दिवस देता येणार नाही. त्यामुळे छेचाळिसाव्या दिवशी उत्तर घेऊन आलेल्या वकिलाला हरकत घ्यायला विसरू नये. तपासणीची गरज नसलेले प्रकरण तीन महिन्यांत आणि तपासणी लागणारे पाच महिन्यांत निकाली काढावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तारखा याहून लांबतात, हे मनाशी धरूनच पाऊल टाकावे.

आदेश आपल्या बाजूने लागला म्हणजे पैसे आले असे नव्हे. सामनेवाला पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करू शकतो, पण त्यासाठी आदेशातल्या रकमेपैकी निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि छोट्या रकमांच्या प्रकरणांत व्यापारी बहुधा तिथेच थांबतो. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असे झाल्यास त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करावा. कलम ७१ प्रमाणे तो आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल होतो, आणि कलम ७२ प्रमाणे आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा अर्ज दाखल झाल्यावर दुकानदाराचा माणूस बहुधा घरी येतो, थोडी कमी रक्कम देऊ करतो आणि "सगळे पैसे पोहोचले" असा मजकूर लिहिलेल्या कागदावर सही मागतो. तडजोड करायची असेल तर ती आयोगासमोर, रक्कम आणि तारीख लिहूनच करावी, आणि त्या कागदावरची सही धनादेश वटून पैसे खात्यात जमा झाल्यावरच द्यावी.